वाळपईच्या पुढे जिप्सी, लाल चिखल आणि ढिला यू-बोल्ट

चवथीला पंधराएक दिवस होते. मित्राची ठाण्याच्या बाजूला काजूची बागायत आहे (सत्तरीतलं ठाणे हां, मुंबईजवळचं नाही), तिथे दोन गाड्या घेऊन एक रात्र राहायचं ठरलं. माझी जिप्सी आणि त्याची बोलेरो. सकाळी डिचोलीहून निघालो, साखळीला भाजी-पाव आणि मिरची भजी, मग होंडा, वाळपई. पेट्रोल वाळपईलाच भरून घ्या, पुढे मोबाईलची रेंजसुद्धा येते-जाते, पंपाचं तर सोडाच.

वाळपईच्या पुढे पाऊस धो-धो. डांबर संपल्यावर बागायतीपर्यंत चारेक किलोमीटर कच्चा रस्ता, मध्ये दोन व्हाळ (ओढे). पहिल्यात पाणी गुडघ्याएवढं, दुसऱ्यात थोडं जास्त, तळाला गोल गुळगुळीत दगड, त्यावर गाडी नाचते. फोर बाय फोर लो (चारही चाकांना ताकद, वेग कमी) टाकून सावकाश काढली. इथपर्यंत मजा.

आता खरी गोष्ट. मे महिन्यात मागच्या पाट्यांना (पोलादी पट्ट्या, म्हणजे पानं, एकावर एक रचलेली स्प्रिंग) एकेक पान वाढवून घेतलं होतं, सामान भरलं की गाडी मागून बसायची म्हणून. ज्या गॅरेजात काम केलं त्यांनी जुनेच यू-बोल्ट (पाटा आणि ॲक्सल, म्हणजे चाकांचा दांडा, एकत्र आवळणारे U आकाराचे बोल्ट) परत लावले. एक पान वाढलं म्हणजे गठ्ठा जाड झाला, बोल्ट तेवढेच, त्यामुळे नटाच्या खाली आटे जेमतेम संपत होते. हे मी बघितलं होतं, आणि "चालतं रे" म्हणून सोडून दिलं. चूक माझीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी परत निघताना पहिला गियर टाकून क्लच सोडला की मागून "टक्" असा आवाज. रिव्हर्सला परत "टक्". मला वाटलं प्रोपेलर शाफ्टचा (इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा दांडा) क्रॉस, म्हणजे सांधा, गेला. थोडं पुढे आल्यावर मागून मित्र हॉर्न मारून थांबवतो आणि म्हणतो, "अरे तुझी गाडी खेकड्यासारखी तिरकी चाललीय!" तेव्हा लक्षात आलं की मघापासून मी स्टिअरिंग एका बाजूला धरूनच चालवतोय.

खाली वाकून बघितलं तर उजवा मागचा ॲक्सल पाट्यावरून बोटभर मागे सरकलेला. यू-बोल्टचा एक नट हाताने फिरत होता. आणि पाट्याचा सेंटर बोल्ट, ज्याचं डोकं ॲक्सलच्या सीटमधल्या भोकात बसतं, तो तुटलेला. बऱ्याच जणांना वाटतं सेंटर बोल्ट ॲक्सलला धरून ठेवतो. नाही. तो फक्त जागा दाखवतो, आणि पानं एकत्र ठेवतो. धरायचं काम यू-बोल्टच्या दाबाचं. तो दाब गेला की प्रत्येक ब्रेकला आणि पिकअपला सगळा धक्का त्या बिचाऱ्या बोल्टवर येतो, आणि मग तो तुटतो नाहीतर सेंटरच्या भोकाजवळ पानच तडकतं.

मित्र बोलेरोने वाळपईला जाऊन एका म्हाताऱ्या मिस्त्रीला सामानासकट घेऊन आला. मिस्त्रींनी आधी काही न बोलता पाट्यावरून ओलं बोट फिरवलं. मी म्हटलं, "मिस्त्री, चिखल आहे तो." तर म्हणाले, "माती न्हय रे ही, गंज." मग डाव्या बाजूला तसंच करून दाखवलं. तिथली लाल माती बोटाने निघून गेली आणि खालचं लोखंड काळं, स्वच्छ. उजव्या बाजूला पुसलं तरी यू-बोल्टचे नट ज्या प्लेटवर आवळतात तिच्या कडेला, दोन पानांच्या फटीतून तपकिरी बारीक पूड येतच राहिली, पिठासारखी. पानं एकमेकांवर घासली की ती पूड होते. आपल्या गोव्याच्या लाल मातीत हे अजिबात दिसत नाही! बाहेरून सगळंच लाल. त्यामुळे गाडी धुवून दोन दिवस चालवा आणि मग बघा, धुतल्यावर परत त्याच जागी लाल ओघळ आला तर समजा पाटा हलतोय.

काम कसं केलं ते जरा सविस्तर सांगतो, कारण व्हिडिओत नेमकं हेच पळवतात. जॅक चिखलात रुततो, म्हणून खाली फणसाची जाड फळी. पुढच्या चाकांना दगड. चेसिस स्टँडवर आणि ॲक्सलखाली वेगळा जॅक, म्हणजे ॲक्सल हवा तसा वर-खाली करता येतो. मग यू-बोल्ट सोडायच्या आधी, हे महत्त्वाचं, सेंटरच्या दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायचे शिकंजे) आवळले. सेंटर बोल्ट तुटलेला असताना पानं फक्त यू-बोल्टनेच दाबलेली असतात, ते सोडले की गठ्ठा फटकन उघडतो, बोटं जातील. नवीन सेंटर बोल्ट टाकून आवळला, डोकं ॲक्सलच्या बाजूला. मग ॲक्सल हळू खाली घेऊन डोकं भोकात बरोबर बसवलं, टॉर्च मारून बघितलं, नुसता अंदाज नाही.

यू-बोल्ट चारही नवे, लांब. जुने परत वापरू नका, एकदा ताणलेला बोल्ट परत तेवढा दाब धरत नाही, आणि वाकवायला गॅसने तापवलेला तर मुळीच नको. चारी नट आधी हाताने, मग फुलीसारखे एकाआड एक, थोडे थोडे, दोन्ही पायांचे आटे सारखे बाहेर दिसतील असे. एकच बाजू गच्च केली तर प्लेट तिरकी बसते. शेवटचं आवळणं गाडी चाकांवर खाली उतरवून, वजन पाट्यावर आल्यावर, टॉर्क पाना लावून मॅन्युअलमधल्या आकड्याला. पाईप घालून वर उभे राहणारे वीर बघितलेत मी, आटेच खाऊन टाकतात. नंतर पाट्याच्या पुढच्या डोळ्याच्या (टोकाच्या गोल भोकाच्या) बोल्टपासून ॲक्सलपर्यंत दोन्ही बाजूंना टेप लावली, सारखं भरलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

पानांना कवटाळणाऱ्या ज्या छोट्या क्लिपा असतात त्यांचं उलट आहे. त्या गच्च नकोत. खड्ड्यात चाक लोंबकळलं की खालची पानं मुख्य पानापासून सुटू नयेत, बाजूला सरकू नयेत एवढ्यासाठीच त्या, पण पानं एकमेकांवर सरकली पाहिजेत. मिस्त्रींनी आतल्या नळीला टेकेपर्यंतच बोल्ट आवळला आणि नट टायरच्या विरुद्ध बाजूला ठेवला, म्हणजे बाहेर आलेले आटे टायरला लागायला नकोत. माझ्या एका क्लिपेची नळीच गायब होती, मेच्या कामात कुठे गेली देव जाणे.

जिप्सीत पाटा ॲक्सलच्या खाली असतो, त्यामुळे यू-बोल्टचे नट आणि आटे खाली लोंबतात आणि व्हाळातले दगड आधी तेच खातात. दर ट्रिपनंतर तारेच्या ब्रशने आटे साफ करून बघा. मी प्रत्येक नटावर आणि प्लेटवर बायकोच्या नेलपॉलिशची एक सलग रेघ मारलीय, रेघ तुटली म्हणजे नट फिरला. (तिला अजून सांगितलं नाही.)

जाणाऱ्यांसाठी अजून थोडं. सेंटर बोल्ट दोन, यू-बोल्टचा एक सेट, दोन सी-क्लॅम्प, नटाला बसणारं लांब सॉकेट, फळी, हे गाडीतच ठेवा, सॉकेटचा नंबर घरीच बघून घ्या. बागायत खाजगी आहे, ओळखीशिवाय घुसू नका. त्या पट्ट्यात म्हादई अभयारण्य आहे, १९९९ पासून, जंगलात गाडी घालायचा विचारही नको. आणि दूधसागरला स्वतःच्या गाडीने जायचं डोक्यात असेल तर ते जमत नाही, कुळ्याहून तिथल्या जीपनेच जावं लागतं, पावसाळ्यात त्याही बंद. पण सीझनला गेलात तर त्या जीपांचे पाटे एकदा वाकून बघाच.

घरी आल्यावर साठेक किलोमीटर झाले होते, परत पाना लावला तर उजवीकडचे दोन नट अजून पाव फेरा गेले. डावीकडचे जागचे हलले नाहीत. पाचशे किलोमीटरला परत बघणार आहे.