नान्नजला माळढोकाच्या भरवशावर जाऊ नये

सोलापूरहून बार्शी रस्त्याने सुमारे २० किलोमीटरवर असलेल्या नान्नजला निघण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करावी, ती ही की तेथे माळढोक दिसणार नाही. १९७९ साली ज्या पक्ष्यासाठी हे अभयारण्य झाले, तो आता या माळावर दिसलाच तर त्याची बातमी होते. हे मला ठाऊक होते. तरीही "साहेब, माळढोक दाखवल्याशिवाय माघारी आणत नाही," या गाडीवाल्याच्या शब्दावर मी अर्ध्या दिवसाचे ३,५०० रुपये आगाऊ दिले. परतल्यावर चौकशी केली, तेव्हा तेवढ्याच फेरीचे दुसऱ्याने १,६०० सांगितले. आगाऊ पैसे देऊ नयेत, आणि माळढोकाची हमी देणाऱ्याची गाडी तर मुळीच घेऊ नये.

माळढोकाऐवजी त्याने आम्हांला "हरणांचा कळप" दाखवला. माझा बारावीतला भाचा हळूच म्हणाला, "मामा, ही काळविटं आहेत, हरणं नव्हेत." त्याचे म्हणणे बरोबर होते. मराठीत हरीण हा शब्द आपण दोन्हींसाठी सरसकट वापरतो; पण सांबर आणि चितळ यांची शिंगे भरीव हाडाची, फाटे फुटलेली असतात आणि दरवर्षी गळून पडतात, तर काळविटाची शिंगे हाडाच्या खुंटावर चढलेल्या कठीण आवरणाची असून ती आयुष्यभर टिकतात, त्यांना फाटे फुटत नाहीत. म्हणून काळवीट हे गाय, म्हैस आणि शेळीच्या बोव्हिडी कुळात येते. दुर्बीण असेल तर प्रथम शिंगे पाहावीत. रंगावर जाऊ नये, कारण नराचा काळा रंग वयाप्रमाणे गडद होत जातो आणि माद्या व पिल्ले पिवळसर तपकिरीच असतात.

आता आम्ही पायी चाललो त्या वाटेविषयी. परवानगी घेऊन आणि वनमजुरांना सोबत घेऊन आम्ही माळाच्या कडेने चाललो. त्यातला दीड किलोमीटरचा पट्टा कुसळी गवताचा होता, आणि नोव्हेंबरमध्ये ते पूर्ण पिकलेले असते. दहा मिनिटांत माझे लोकरी मोजे पायाला चिकटले आणि प्रत्येक पावलाला टोचू लागले. थांबून एक कुसळ तळहातावर घेतले: खाली सुईसारखे टोक, त्यावर मागे वळलेले तांबूस केस, आणि वर सुतळीसारखा पीळ पडलेली काळपट शेपटी. बाटलीतले थेंबभर पाणी त्यावर टाकताच ती शेपटी आपोआप उलगडत गोल फिरू लागली. पावसाच्या ओलाव्याने पीळ सुटतो, उन्हाने पुन्हा बसतो, आणि या फिरण्याने बी मातीत रुतत जाते; मागे वळलेल्या केसांमुळे ते परत बाहेर येत नाही. मेंढीच्या लोकरीत आणि कातडीत ते याच रीतीने शिरते. याचे शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टस. त्यातला 'कॉन्टॉर्टस' म्हणजे पिळलेला. हेच गवत कोवळे असताना उत्तम चारा असते, आणि वर्गीकरणात ते आपल्या मालदांडी ज्वारीचे जवळचे नातलग आहे: कुळही एक, त्या कुळातला गटही एक. हे कळल्यावर मला त्या गवताचा राग येईनासा झाला. तरी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात हा पट्टा टाळावा, असेच मी ठामपणे सांगेन.

पुढे गिरिपुष्पाची लागवड लागते आणि माळ एकाएकी संपतो. मध्य अमेरिकेतले हे झाड येथे लावताना कोणी माळढोकाचा पाय पाहिला नसावा, असे मला फार वाटते. त्या पायाला पुढे तीन बोटे असतात, मागचे बोट नसतेच. त्यामुळे त्याला फांदी पकडून बसता येत नाही. तो जमिनीवर चालतो, उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालतो आणि दूरवर नजर पोहोचेल अशी मोकळी जागा शोधतो. जुन्या पुस्तकांत त्याला क्रौंचांच्या गणात ठेवलेले आढळेल. आता माळढोक, तणमोर आणि त्यांचे भाऊबंद यांचा ओटिडिफॉर्मिस हा स्वतंत्र गण मानतात. गवताळ माळाला पडीक जमीन म्हणणे ही वर्गीकरणाचीच चूक आहे, आणि तिची किंमत या पक्ष्याने मोजली. जुन्या यादीवरून झाडे ओळखणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: बाभूळ आणि हिवर यांच्या शास्त्रीय नावातले पहिले पद आता अकेशिया राहिलेले नाही, ते व्हॅचेलिया झाले आहे.

दुसऱ्या दिवशी विजापूर रस्त्यावरच्या सिद्धेश्वर वनविहारात गेलो. ते सोपे आणि सुखाचे आहे.

नान्नजला पहाटे सहाच्या आत पोहोचावे, नऊनंतर थांबू नये. लोकरी किंवा विणलेले मोजे घालू नयेत. गुळगुळीत, घट्ट विणीच्या कापडाची पँट घालून तिची टोके बुटाच्या वर बांधावीत. कपडे धुण्यापूर्वी कुसळे काढलीच पाहिजेत, कारण पाणी लागताच ती फिरतात आणि आणखी आत जातात. चिमट्याने टोकाच्या दिशेने, पुढे ओढून काढावीत. शेपटी धरून मागे ओढल्यास ती तुटते आणि टोक कापडातच राहते. माझ्या मोज्यांच्या एका जोडीतली कुसळे काढायला रात्रीचे अकरा वाजले.