डोकं हलणारा साप आणि जर्मनीतलं एक कलम

आमच्या डॉर्टमुंडपासून ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत हाम नावाचं गाव लागतं, एरवी तिथे कोणी मुद्दाम उतरणार नाही, पण वर्षातले काही शनिवार असे असतात की हातात थर्माकोलचे डबे घेतलेली माणसं ट्रेन भरभरून तिथे उतरतात, कारण त्या दिवशी टेरारिस्टिका असतं. म्हणजे साप, पाली, सरडे, कासवं, कोळी यांचा बाजार, आणि तोही जगातल्या सगळ्यात मोठ्या बाजारांपैकी एक. आपल्याकडे घरात साप निघाला की सर्पमित्राला फोन जातो आणि बाई-माणसं पलंगावर चढून बसतात, इथे लोक प्रवेशाचं तिकीट काढून, पैसे मोजून साप घरी नेतात, पोरांना खांद्यावर घेऊन येतात बघायला.

टेबलांवर पारदर्शक प्लास्टिकचे छोटे डबे ओळीने मांडलेले, प्रत्येकात एक वेटोळं, वर स्टिकर. स्टिकरवर सापाचं नाव नसतंच, ते सगळ्यांना माहीत आहे (बॉल पायथन, घाना-टोगो-बेनिनकडचा छोटा, बिनविषारी, घाबरला की चेंडूसारखा गोळा होणारा अजगर), स्टिकरवर असतात जीन्स, म्हणजे रंग-नक्षी ठरवणारे आनुवंशिक गुण. पास्टेल, पायबाल्ड, अल्बिनो, बंबलबी, असं करत करत लांबलचक नाव, आणि नाव जितकं लांब तितकी किंमत चढी. रंग आणि नक्षी यासाठी पैदास करायची, त्याला मॉर्फ म्हणतात. यातल्या बऱ्याच मॉर्फबद्दल माझी काही तक्रार नाही, साप पांढरा असला काय आणि तपकिरी असला काय, डब्यात त्याला काय फरक पडतो.

पण स्पायडर नावाचा मॉर्फ वेगळा आहे. १९९९ मध्ये आफ्रिकेतून अमेरिकेत आलेल्या एका जंगली मादीच्या अंगावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा होत्या, तिथल्या एका ब्रीडरने तिच्यापासून पैदास सुरू केली आणि आज जगात जेवढे स्पायडर आहेत ते सगळे तिचेच वंशज. सुरुवातीला हजारो डॉलरला जायचे. जीन असं की एक प्रत पुरते, म्हणजे साध्या सापाशी जोडी लावली तरी साधारण निम्मी पिल्लं स्पायडर निघणार, धंद्याला याहून सोयीचं काय पाहिजे. आणि त्या नक्षीबरोबर येतो वॉबल, म्हणजे डोकं डुगडुगणं. कोणाला कमी, कोणाला जास्त, पण सगळ्यांना.

माझ्या ऑफिसमधल्या एकाकडे असा एक आहे. खायला देताना मी बाजूला उभा होतो. फ्रीझरमधला उंदीर त्याने आधी कोमट पाण्यात ठेवून गरम केला, मग लांब चिमट्याने काचेच्या आत धरला. सापाने जीभ काढली, मान उचलली आणि डोकं लटलटायला लागलं, आधी हळू, मग जोरात, जेवढा उत्साह तेवढं जास्त, मग मान अशी काही पिळली गेली की हनुवटी वर छताकडे आणि डोक्याचा माथा खाली. त्या अवस्थेत त्याने झडप घातली ती चक्क वीतभर बाजूला, काचेवर. परत घातली, परत चुकली. शेवटी याने उंदीर अगदी तोंडाला टेकवला तेव्हा कुठे पकडला. जंगलात असता तर उपाशी मेला असता हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

ब्रीडर लोकांचं यावर ठरलेलं उत्तर असतं, हामलाही मी ते ऐकलं: थोडं हलतं, पण खातो मस्त, अंडी घालतो, मग दुखतंय कुठे? हे मला अजिबात पटत नाही. साप ओरडत नाही, लंगडत नाही, चेहऱ्यावर काही दिसत नाही, त्यामुळे खाणं आणि अंडी हेच जर तब्येतीचं माप धरलं तर काहीही खपून जाईल. कोंबड्यांच्या पिंजऱ्यातही खाणं आणि अंडी दोन्ही चालूच असतात की.

आणि आता नुसतं वाटण्याची गोष्ट राहिलेली नाही. २०२२ मध्ये म्युनिकचे प्राध्यापक श्टार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पायडर आणि साध्या सापांच्या कवट्यांचं मायक्रो सीटी स्कॅन करून बघितलं. सापाला बाहेरून कान नसतो पण आतला कान असतो, तोल सांभाळायला, तर स्पायडरच्या त्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्या वेड्यावाकड्या आणि सॅक्युलस नावाची पिशवी लहान, बिघडलेली. म्हणजे वर कुठे, खाली कुठे हे सांगणारं यंत्रच जन्मापासून चुकीचं.

आता इथला कायदा बघा. जर्मन प्राणी संरक्षण कायद्याचं कलम ११ ब सरळ सांगतं की पैदाशीमुळे पिल्लांचे अवयव वंशपरंपरेने निकामी किंवा बिघडलेले निघणार आणि त्याने वेदना, त्रास किंवा इजा होणार हे अपेक्षित असेल तर ती पैदास करायची नाही. पाठीचा कणा असलेल्या सगळ्या प्राण्यांना लागू, साप धरून. ते सीटी स्कॅन बघितल्यावर माझ्या सामान्य बुद्धीला तरी यात वकिली करायला जागा दिसत नाही. पण सगळं लक्ष कुत्र्यांवर. २०२२ पासून असे दोष असलेली कुत्री इथे प्रदर्शनात मांडता येत नाहीत, पण ते नियम फक्त कुत्र्यांचे. इंग्लंडमध्ये निदान एका हौशी संस्थेने, इंटरनॅशनल हर्पेटॉलॉजिकल सोसायटीने, स्वतःच्या मेळाव्यांत स्पायडरची विक्री बंद केली, सरकारची वाट न बघता. मला ते जास्त आवडलं.

कुत्र्यांशी तुलना करताना एक गोष्ट लोक विसरतात. पगचं नाक आखूड आहे तर जरा लांब नाकाच्या कुत्र्यांशी जोडी लावून काही पिढ्यांत सुधारता येतं. स्पायडरमध्ये वीसेक वर्षं हेच करून बघितलं, वेगवेगळ्या रक्ताशी जोड्या लावल्या, वॉबल गेला नाही. नक्षी आली की तो आलाच. लेमन फ्रॉस्ट या मॉर्फच्या पालीचं पण तसंच, २०२१ च्या अमेरिकन अभ्यासात दिसलं की ज्या पांढऱ्या रंगपेशींमुळे ती एवढी झळकते त्याच पेशींच्या गाठी होतात, ८० टक्क्यांहून जास्त पालींना. अशा वेळी "जपून पैदास करतो" याला काही अर्थच नाही, एक तर करायची किंवा बंद करायची.

आपल्याकडे हे कशाला सांगतोय? कारण २०२३ च्या डिसेंबरात मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या माणसाच्या सामानात बिस्किट-केकच्या पाकिटांत बॉल पायथन सापडले होते, म्हणजे गिऱ्हाईक आहे. देशी साप पाळणं तर गुन्हाच, आणि बॉल पायथनसारखा परदेशी असेल तर २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते. आणि फसगत नावातच आहे, बंबलबी म्हणजे पास्टेल अधिक स्पायडर, किलरबीमध्येही तोच, पण स्टिकरवर स्पायडर हा शब्द कुठेच नाही.

ज्यांच्याकडे आधीच आहे त्यांनी तो टाकून द्यावा असं मी म्हणत नाही, त्या जनावराचा काय दोष. माझ्या कलीगने उंच फांद्या काढून टाकल्यात म्हणजे पडायला नको, उजेड आणि गडबड कमी ठेवतो, उंदीर तोंडाशी धरतो आणि मादीजवळ त्याला कधीच सोडत नाही. हे साप वीस-तीस वर्षं आरामात जगतात. त्याची बायको म्हणते, पोरगा शिकून घराबाहेर पडेल पण हा काही हलायचा नाही.