खोडलेले ९० युरो

म्युनिकमधल्या ज्या वकिलांच्या ऑफिसात मी काम करते, तिथे ब्लॅक फ्रायडे, म्हणजे नोव्हेंबरअखेरचा मोठा सेल, उलटला की ‘आबमानुंग’ यायला लागतात. आबमानुंग म्हणजे कोर्टात जाण्याआधीची नोटीस. जर्मनीत ऑनलाइन दुकानांवर खरी नजर असते ती प्रतिस्पर्ध्यांची आणि नोंदणीकृत संघटनांची, आणि ती डोळ्यांत तेल घालून ठेवलेली असते.

त्यातली एक नोटीस अजून डोक्यातून जात नाही. लोकरी ब्लँकेटं विकणाऱ्या बाई, एकहाती दुकान. ब्लँकेट ९० युरोचं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात जुना माल काढायला त्यांनी ते ६५ ला दिलं, मग परत ९०. ब्लॅक फ्रायडेला ९० वर काट मारून ७२, बाजूला लाल पट्टी: २० टक्के सूट.

“मी कुणाला फसवलं? माझी किंमत ९०च आहे,” त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. त्यात खोटं काही नव्हतं. पण २८ मे २०२२ पासून सूट जाहीर करताना आधीच्या ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. आल्डी या सुपरमार्केटच्या केळ्यांवरून झालेल्या खटल्यात युरोपीय न्यायालयाने २६ सप्टेंबर २०२४ ला स्पष्टच केलं: ती किंमत नुसती खाली छापून भागत नाही, टक्केही तिच्यावरच काढायचे. म्हणजे ६५ चे ७२, ही चक्क वाढ.

नियम मला पटतो. संताप येतो तो दुकानाच्या सॉफ्टवेअरचा. ‘जुनी किंमत’ असा एक रकाना, त्यात वाटेल तो आकडा भरा. कोणत्या दिवशी काय भाव होता याची नोंद नाही. आम्ही तो इतिहास एकेक बिल काढून जुळवला.

बाई घाबरून नोटिशीसोबत आलेलं, ही चूक पुन्हा न करण्याचं हमीपत्र तसंच सही करून पाठवणार होत्या. ते मुदतीचं नसतं. पुढे कधीही तीच चूक झाली की दंड. आमच्या वकिलांनी त्यातली दंडाची ठरावीक रक्कम काढली आणि चूक झालीच तर तेव्हा जो दंड लावला जाईल तो कोर्टाला तपासता येईल असं कलम घातलं. मग सही झाली.

सहीनंतर जुनी जाहिरात सर्च इंजिनच्या साठ्यातूनही हटवायला लावणं विक्रेत्याकडेच येतं. एका भाव-तुलनेच्या साइटवर ते खोडलेले ९० अजून दिसताहेत. तिथल्यांना मी मेल केलेत, फोन केलेत. उत्तर नाही, आणि बाई रोज विचारतात.