साक्षीत न सांगितलेलं

“भीती नाही वाटली का हो तुम्हाला?” उपासना सुटल्यावर चपला शोधताना, लग्नाच्या जेवणात, एकदा तर कबरस्थानातही मला हे विचारलं गेलंय. मागोमाग दुसरा प्रश्न असतोच. “देवाने सांगितलं म्हणजे नेमकं कसं सांगितलं?”

मी मंडळीपुढे दिलेली साक्ष तुम्ही सगळ्यांनी ऐकली आहे. शाळेच्या हॉलचा स्लॅब, कमी पडलेलं लोखंड, सही न करता नोकरी सोडून आलेला इंजिनियर. पाळकसाहेबांनी त्यावर यहोशवातलं ‘खंबीर हो, हिंमत धर’ वाचलं आणि मी मान खाली घालून बसलो. लोकांना तो नम्रपणा वाटला.

आता सांगूनच टाकतो. आवाजबिवाज काही आला नाही.

सकाळचे साडेनऊ झाले असतील. ड्रॉइंगमध्ये 10 एमएमच्या सळया 150 मिलिमीटर अंतरावर होत्या. मी जाळीवर उकिडवा बसून टेप लावला, तर 200. पलीकडे सरकून लावला. 200. बीमच्या कडेला लावला तेव्हा 195 निघाले आणि त्या पाच मिलिमीटरचा मला केवढा आनंद झाला! देवाची खूण पटवायला गिदोनाने लोकर दोनदाच ठेवली होती. मी टेप चारदा लावला, दर वेळी दुसरं उत्तर यावं म्हणून. हिशेब तर तोंडावर होता. 150 चे 200 झाले की मीटरमागे पाव हिस्सा लोखंड गायब.

खाली गेटवर काँक्रीट भरलेले दोन ट्रान्झिट मिक्सर ड्रम फिरवत उभे. प्लँटवर माल भरल्यापासून दोन तासांत उतरवायचा असतो, त्यातला पाऊण तास वाटेतच गेलेला. सेंट्रिंगवाले, व्हायब्रेटरवाला पोरगा, सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. ठेकेदाराचा माणूस पोअर कार्ड, म्हणजे काँक्रीट ओतायच्या परवानगीचा कागद, माझ्या सहीसाठी घेऊन आला. वयाने मोठा, मला कधी वाकडं न बोललेला. म्हणाला, “साहेब, फॅक्टर ऑफ सेफ्टी मग कशाला ठेवतात? डिझाइनवाला दीडपट भार धरतोच की. करून टाका, सगळ्यांचा खाडा होईल.”

हेच वाक्य तीन वर्षांपूर्वी मी स्वतः एका ज्युनियरला ऐकवलं होतं, दुसऱ्या साइटवर, अशाच कार्डासाठी. त्या दिवशी मला झोप नीट लागली होती. तेव्हा देव बोलला नव्हता की मला ऐकू आलं नव्हतं? हा प्रश्न मात्र मला कोणी विचारत नाही.

मी पाण्याच्या टाकीमागे गेलो. प्रभूची प्रार्थना म्हणायला लागलो, ‘आम्हाला परीक्षेत आणू नको’ इथपर्यंत आलो आणि पुढचं आठवेना. चार वर्षांचा असल्यापासून पाठ असलेली प्रार्थना! पोटात ढवळत होतं, पाय लटपटत होते. साक्षीत मी म्हटलं होतं, ‘प्रभूकडे शांती मागितली आणि त्याने दिली.’ दिली नव्हती. साक्षीत ते वाक्य लागतं म्हणून घातलं. परत आलो, कार्ड कोरंच त्याच्या हातात दिलं, वर हेल्मेट ठेवलं. जिना उतरताना मागे कोणीतरी हसलं.

खिशात फोन होता. बायकोला विचारता आलं असतं. ती ‘सही करा’ म्हणेल म्हणून विचारलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. पण ती ‘नका करू’ म्हणाली असती तर तो निर्णय दोघांचा झाला असता, आणि मला तो एकट्याचा हवा होता. संध्याकाळी सगळं सांगितलं, तेव्हा तिचे हात मेथी निवडायचे थांबले नाहीत. “देवाने तुम्हाला सांगितलं. मग मला का नाही सांगितलं? हप्ता दोघांच्या नावावर आहे.”

याला माझ्याकडे आजही उत्तर नाही. अब्राहाम इसहाकाला घेऊन पहाटे निघाला ते उत्पत्तीच्या 22 व्या अध्यायात आहे. त्यात साराचं नावसुद्धा नाही, आणि 23 वा अध्याय तिच्या मरणानेच उघडतो. आम्हा नगरकरांना टिळकांचा अभिमान फार. ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला 1900 मध्ये. मधली वर्षं त्या बाईने कशी काढली असतील, हे आमच्या घरातल्या त्या संध्याकाळपर्यंत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

“पण नंतर प्रभूने भरून दिलं असेल ना?” ईयोबाला दुप्पट मिळालं, मान्य. मला चौदा महिने धड काम नव्हतं. तिच्या पाटल्या गेल्या. आता काम आहे, पगार जुन्याहून कमी. हे रडगाणं समजू नका. तुम्ही विचारता आणि उत्तर ऐकायच्या आधीच ‘आमेन’ म्हणता, म्हणून सांगतोय.

आणि हो, ‘तक्रार का नाही केली’ म्हणणाऱ्यांसाठी. टेप लावलेला फोटो मी कन्सल्टंटला पाठवला होता. उत्तर आलं नाही. मी पुन्हा पाठवला नाही. स्लॅब त्याच दुपारी ओतला गेला, कार्डावर दुसऱ्या कोणीतरी सही केली. म्हणजे मी आज्ञा पाळली की फक्त माझी सही वाचवली? शद्रख, मेशख, अबेदनगो राजाला म्हणाले, आमचा देव भट्टीतून सोडवील, आणि न सोडवलं तरी आम्ही नमणार नाही. पण भट्टीत ते स्वतः गेले होते. माझ्या सहीविना ओतलेल्या स्लॅबखाली कोण बसणार होतं?

त्याला सहा वर्षं झाली. हॉल उभा आहे. गेल्या पावसाळ्यात त्या गावावरून जाताना गाडी थांबवली. आत गॅदरिंगचा नाच बसवत होते, मुली पाय आपटत होत्या, बाई टाळ्यांनी ताल धरत होत्या. मी खिडकीच्या गजांना कपाळ लावून छत बघत राहिलो. कोपऱ्यात एक बारीक काळी रेघ दिसली आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. मग पंखा जोरात फिरला आणि ती रेघ हलली. जळमट होतं.

“कोण पाहिजे?” शिपायाने विचारलं.

“कोणी नाही,” म्हटलं आणि गाडीला किक मारली.