उद्यान नक्की कोणाच्या ताब्यात आहे?

"मॅडम, ते उद्यान आमच्या ताब्यात नाही." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं की आता नगरपरिषदेचा जिना चढायला लागले की तेच कानात घुमतं. एका झोपाळ्याची कडी बदलायला आठ महिने लागले ते या एका वाक्यापायी. काम होऊनही माझा राग गेलेला नाही. दुसऱ्या एखाद्या गावात कुणाचं घोडं असंच अडलं असेल, तर त्यांचे दोन-तीन महिने तरी वाचावेत म्हणून सगळं लिहून काढते आहे.

आमचं गाव तालुक्याचं. एक जुनी बाग आणि नव्या कॉलन्यांमधल्या ओपन स्पेसवर झालेली तीन-चार छोटी उद्यानं, एवढीच मोकळी हवा. आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसवर कितीतरी वर्षं गाजरगवत आणि डुकरं होती. तिथे उद्यान झालं तेव्हा खरंच आनंद झाला होता. चालायला ट्रॅक, ओपन जिम, दोन झोपाळे, एक घसरगुंडी. आमच्या सासूबाई गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नसत, त्या रोज पाच वाजता काठी घेऊन तिथल्या बाकावर जाऊन बसायला लागल्या. छोट्या गावात बायकांना पैसे न मोजता, कुणाची परवानगी न घेता बसता येईल अशा जागा किती असतात? मला त्या उद्यानाची किंमत तिथून कळते.

2024 च्या दिवाळीनंतरच्या रविवारी माझ्या धाकट्या जावेची मुलगी झोपाळ्यावरून पडली. सहा वर्षांची आहे. झोका वर गेला आणि एका बाजूची साखळी निसटली. खाली पेव्हर ब्लॉक. हनुवटीला चार टाके पडले. तिला दवाखान्यातून घरी आणल्यावर मी परत गेले आणि साखळी बघितली. वरच्या दांड्यातली कडी गवतात पडली होती. बोटाएवढ्या जाडीचं लोखंड आतल्या बाजूने झिजत झिजत सुतळीएवढं उरलं होतं आणि तिथेच तुटलं होतं. तुटलेली टोकं चकचकीत होती, बाकी सगळा गंज. ती कडी मी पर्समध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी कुणीतरी झोपाळा नायलॉनच्या दोरीने बांधून टाकला होता आणि मुलं त्याच्यावर बसलीही होती.

इथेच एक सांगते, नंतर विसरेन. दुरुस्ती व्हायच्या आधी फोटो काढा. मी काढले नव्हते. "आता तर बांधलेला दिसतोय की," असं मला तोंडावर ऐकावं लागलं.

तेव्हा नगरपरिषदेवर प्रशासक होते, त्यामुळे नगरसेवकाकडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. साधा अर्ज लिहिला, आवक कक्षात दिला, पोच घेतली. यात काही अडलं नाही. मी पतसंस्थेत काम करते. आमच्याकडे दिवसाचा हिशोब जुळल्याशिवाय कुणी घरी जात नाही, त्यामुळे आवक क्रमांक आणि तारीख नसलेला कागद माझ्या दृष्टीने कागदच नाही. तुम्हीही शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सरकारी तक्रार पोर्टलवरही तक्रार टाकली. तिथे काही दिवसांनी "संबंधित विभागास वर्ग करण्यात आली" असा शेरा मारून ती निकाली काढली. वर्ग केली म्हणजे निकालात कशी निघाली, हे मला आजही कळलेलं नाही.

आणि मग ते वाक्य सुरू झालं.

बांधकाम विभागात गेले. तिथले लिपिक म्हणाले, "आम्ही उद्यान बांधून दिलं. आता देखभाल आरोग्य विभागाकडे." छोट्या नगरपरिषदांत वेगळा उद्यान विभाग बहुधा नसतोच. झाडांना पाणी घालणारे आणि झाडणारे कामगार आरोग्य विभागाचे, म्हणून उद्यानही त्यांचं असा हिशोब. आरोग्य विभागात गेले, तर ते म्हणाले, "झाडलोट आम्ही करतो, पण उद्यान आमच्या ताब्यात नाही. बांधकामने हस्तांतरणच केलेलं नाही." परत खाली बांधकामात. "केलंय की. त्यांनाच विचारा." परत वर.

हे डिसेंबरभर चाललं. माझी सुट्टी दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, त्यांचीही शनिवारी. म्हणजे प्रत्येक खेपेला अर्धी रजा. एकदा दोन्ही विभागांच्या मधल्या जिन्यात उभी राहून मी शिपाईमामांना विचारलं, "मामा, तुम्ही तरी सांगा, ते उद्यान कुणाचं?" ते बिचारे म्हणाले, "ताई, लेखी मागा. तोंडी कुणीच सांगणार नाही." पूर्ण इमारतीत मला मिळालेला हा एकमेव कामाचा सल्ला.

माहितीचा अधिकार वापरायचं ठरवलं. जोडपत्र 'अ' म्हणजे अर्जाचा ठरलेला नमुना, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. पहिल्या अर्जात मी मोठी चूक केली. विचारलं, "झोपाळा अद्याप का दुरुस्त केला नाही?" उत्तर आलं की प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही. नियमाने ते बरोबर आहे. या कायद्यात कार्यालयात असलेला कागद मागता येतो, कारण किंवा खुलासा मागता येत नाही. महिना वाया गेला.

दुसरा अर्ज फेब्रुवारीत केला. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि शक्यतो 150 शब्दांच्या आत, असा नियम आहे. त्यामुळे नेमकं मागितलं: कार्यादेशाची, म्हणजे ठेकेदाराला काम दिल्याच्या आदेशाची प्रत, काम पूर्ण झाल्याचा दाखला, आरोग्य विभागाला ताबा दिल्याची पावती, दोषदायित्व कालावधी किती ते दाखवणारा कागद, आणि ठेकेदाराची सुरक्षा अनामत परत दिली असल्यास त्याची नोंद. अर्ज घेणाऱ्या बाईंनी विचारलं, "कशाला हवंय एवढं?" कायद्याच्या कलम 6(2) नुसार कारण सांगावं लागत नाही. मी मात्र सांगितलं, हनुवटीचे टाके सांगितले. त्यांनी मान खाली घालून शिक्का मारला.

हा दोषदायित्व कालावधी म्हणजे काय, ते मलाही तोवर माहीत नव्हतं. काम पूर्ण झाल्यानंतर ठरावीक काळ त्यात काही बिघडलं, तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करून द्यायचं. तोपर्यंत त्याची अनामत अडकलेली असते. त्याने केलं नाही, तर त्या अनामतीतून करून घेता येतं. म्हणजे "निधी नाही" हे उत्तर मुळात लागूच पडत नाही. मला तर दोन वेळा तेच ऐकवलं होतं. नवीन अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा, वर्ष तरी जाईल म्हणाले होते.

तीस दिवसांची मुदत असते. एकोणतिसाव्या दिवशी पत्र आलं: "सदर कामाची नस्ती कार्यालयीन अभिलेखात आढळून येत नाही."

ते पत्र वाचून मी रडले. इतकं चालून, इतक्या रजा टाकून, आता फाइलच नाही? ज्या कामाचं बिल निघालं त्याची फाइल नाही? यजमान म्हणाले, सोड आता, आपण वर्गणी काढून कडी बसवू. शंभर-दीडशेची तर कडी. बरोबरच होतं त्यांचं. पण दुसऱ्या झोपाळ्याची कडी? ओपन जिमचं हलणारं पायडल? ते कुणी आणि किती दिवस वर्गणीने बसवायचं?

मग पहिलं अपील केलं. वीस रुपयांचा स्टॅम्प, उत्तर मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत. अपिलात मी दोनच गोष्टी लिहिल्या. "फाइल सापडत नाही" हे माहिती नाकारण्याचं कारण माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8 किंवा 9 मध्ये कुठेही दिलेलं नाही. आणि महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 प्रमाणे कागद जपून ठेवणं ही कार्यालयाचीच जबाबदारी आहे. हे मला आमच्या पतसंस्थेच्या वकिलांनी सांगितलं, फुकट. तुमच्या ओळखीत कुणी नसेल तर हीच दोन वाक्यं वापरा.

सुनावणी मे महिन्यात झाली. अपिलीय अधिकाऱ्यांसमोर दोन्ही विभागांचे लोक पहिल्यांदाच एका टेबलाशी बसलेले मी पाहिले. आणि तिथे खरी गाठ उलगडली. बांधकामचे साहेब म्हणाले, "ठेकेदाराला आम्ही नोटीस काढू, पण वापर करणाऱ्या विभागाचं पत्र आल्याशिवाय काढता येत नाही." आरोग्यचे म्हणाले, "आम्ही ताबाच घेतलेला नाही, तर पत्र कुठल्या नात्याने देणार?" सहा महिने मी ज्या दोन दारांमध्ये हेलपाटे घालत होते, त्यांचं कोडं एवढंच होतं. मी पर्समधून कडी काढून टेबलावर ठेवली. ठरवून नेली नव्हती, ती पर्समध्येच असायची. अपिलीय अधिकाऱ्यांनी ती उचलून झिजलेल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "मुलगी बरी आहे ना?" एवढ्या दिवसांत हा प्रश्न विचारणारे ते पहिले.

पंधरा दिवसांत फाइल शोधून द्यायचा आदेश निघाला. दहाव्या दिवशी सापडली. ताबा पावती फाइलमध्येच होती. 2023 च्या मार्चमधली. "ताबा देणार" खाली बांधकामची सही, शिक्का, तारीख. "ताबा घेणार" खाली कोरी रेघ. कुणी सही करायची राहून गेली, नाहीतर मुद्दाम केली नाही. त्या कोऱ्या रेघेवर आमचं उद्यान दोन वर्षं लटकत होतं. दोषदायित्व कालावधी तीन वर्षांचा, म्हणजे मार्च 2026 पर्यंत. ठेकेदार पूर्ण वेळ बांधील होता.

सही झाली, पत्र निघालं, नोटीस निघाली, जुलैत दोन्ही झोपाळ्यांना नवीन कड्या आणि बेअरिंग बसले. त्यात सांगण्यासारखं काही नाही. कागद जागेवर आल्यावर तीन आठवडेसुद्धा लागले नाहीत.

एक गोष्ट आठवून मात्र अजून जीव जळतो. झोपाळे बसवायला माणसं आली त्या दिवशी त्यांनी फाटकाशेजारचा एका वाढदिवसाचा फ्लेक्स बाजूला केला. मागे कामाचा फलक होता. कामाचं नाव, योजना, काम पूर्ण झाल्याची तारीख आणि खाली निळ्या अक्षरांत: "दोषदायित्व कालावधी – 3 वर्षे." आठ महिने मी रोज त्याच्या समोरून जात होते. तेव्हा अर्ज लिहायच्या आधी उद्यानाच्या फाटकाशी जा, फ्लेक्स असेल तर त्याच्या मागे बघा, फलकाचा फोटो काढा. तो फोटो मी पहिल्याच अर्जाला जोडला असता, तर "निधी नाही" कुणी म्हणू शकलं नसतं.

आणि पहिल्या दिवशी प्रश्न एकच विचारा, तोही लेखी: ताबा पावतीची प्रत द्या. दिव्यांसाठी मात्र वेगळा अर्ज लागतो, ते विद्युत विभागाकडे असतं.

झोपाळ्याखालचे पेव्हर ब्लॉक काढून वाळू भरायची माझी मागणी आहे. ती दुरुस्तीत बसत नाही म्हणाले, ते मला पटतं, तो नवीन कामाचा विषय आहे आणि मी तो सोडणार नाही. पण घसरगुंडीची डावी कड फुटली आहे, फायबरचं टोक बाहेर आलंय, ते दोषदायित्वातच येतं. मार्च 2026 ची मुदत संपायच्या आत चारही बाजूंनी फोटो काढले, फलकाचा फोटो जोडला आणि अर्ज दिला. आरोग्य विभागाच्या लिपिकांनी तो वाचला, काही न बोलता वहीत चढवला आणि आवक क्रमांक माझ्या प्रतीवर लिहून दिला.