आईले पिच्चरमध्ये बोलू देल्लं नाही

रविवार, रात्रीचे साडेदहा

आज आईला अमरावतीला मल्टिप्लेक्समध्ये नेलं. कधीचं ठरत होतं, आधी सोयाबीनची सवंगणी आली मग कापसाची वेचणी, शेवटी आज जमलं. गावातून तालुक्याला ऑटो, तिथून एसटी, शहरात पुन्हा ऑटो, असं करत अडीच तासांनी पोचलो. तिकीट 220 रुपयांचं. आई बोर्डाकडे बघतच राहिली, कारण वेचणीला किलोमागे 10 रुपये मिळतात तिला, म्हणजे 22 किलो कापूस. एका तिकिटात.

पिच्चर चांगला होता. मधे एका ठिकाणी पोरगा म्हाताऱ्या बापाला घराबाहेर काढतो, आणि आई एकदम बोलली, "अरे मेल्या, बाप आहे ना थो तुहा!" झालं, मागून "शूऽऽ", पुढच्या पोरीने पण वळून पाहिलं. आईने पदर तोंडाला लावला आणि शेवटपर्यंत एक शब्द काढला नाही. मला ते इतकं लागलं की पुढचा पिच्चर मी पाहिलाच नाही, तिच्याकडेच पाहत होते.

आमच्या तालुक्याच्या टॉकीजमध्ये बाया गप्प बसल्यात असं कधी झालंच नाही. लेडीज वेगळं, मधे कमरेएवढी भिंत, लाकडी बाकं, वर टिनपत्रे. बाजाराच्या दिवशी बाया बाजार करून पिशव्यांसकट येऊन बसायच्या, पायाशी मेथीच्या जुड्या, वांगे, मांडीवर लेकरू. व्हिलन आला की शिव्या, हिरोइन रडली की सगळ्या रांगेचं नाक ओढणं सुरू, आणि कोणीतरी पडद्यातल्या माणसालाच ओरडून सांगायची, "दाराच्या मांगं लपला आहे थो, पाय ना!" जी बोलत नसे तिलाच शेजारीण विचारायची, "काहून वं, बरं नाही वाटत का?" आजी सांगायची, 'जय संतोषी माँ' लागला तेव्हा बाया चपला बाहेर काढून आत जायच्या आणि पडद्यासमोर पैसे टाकायच्या. तो पिच्चर 1975 चा, आमच्याकडे यायला वेळ लागला असेल, तेव्हा सगळे पिच्चर उशिरानेच यायचे.

पिच्चरच्या रिळांची पेटी अमरावतीहून यायची. वऱ्हाडातले वितरक तिथेच बसत, पिच्चर वाटायच्या त्या इलाख्याला सीपी-बेरार, म्हणजे मध्यप्रांत-वऱ्हाड, सर्किट म्हणायचे. एसटी स्टँडवर पेटी उतरली की पोरं टॉकीजपर्यंत मागे मागे. रीळ तुटलं की अंधारात शिट्ट्या, मग ऑपरेटर पट्टी कापून जोडायचा आणि कापलेले तुकडे मागच्या खिडकीतून खाली पडायचे. माझ्या कंपासमध्ये होता त्यातला एक, पाच चित्रांचा, उन्हात धरला की एकच बाई पाचदा, हात जराजरा वर जाणारा, एका सेकंदाला अशी 24 चित्रं लागतात हे मला फार पुढे कळलं.

मल्टिप्लेक्स वाईट आहे असं मी म्हणत नाही. बाथरूम स्वच्छ होतं, आणि टॉकीजमध्ये लेडीजसाठी ते नव्हतंच, इंटरवलला बाया मागे काटेरी झुडपात जायच्या, ते मी विसरले नाही. पण 2000 नंतर सरकारने मल्टिप्लेक्सवाल्यांना सुरुवातीची वर्षं करमणूक करात माफी दिली, आमच्या टॉकीजसारख्यांना कोणी विचारलं नाही, त्यात केबल आली, सीडी आल्या, मग रिळंच बंद होऊन डिजिटल मशीन घ्यायची पाळी आली आणि मालकाने कुलूप लावलं. आता तिथे खताचं गोदाम आहे. तिकिटाची खिडकी तशीच आहे, 'लेडीज' हे अक्षर अजून वाचता येतं, आज एसटीतून आईने मला बोट दाखवून दाखवलं.

100 रुपयांच्या वरच्या तिकिटावर 18 टक्के जीएसटी लागतो, त्याच्या आत कमी. पण 100 च्या आतलं तिकीट मिळेल अशी जागाच आमच्या तालुक्यात उरली नाही, तर त्या सवलतीचं वेचणीवाल्या बाईने करायचं काय?

परत येताना आई एवढंच म्हणाली, "पिच्चर बरा होता वं, पण मले बोलूच नाही देल्लं त्यायनं."

आता ओट्यावर शेजारच्या काकू आणि त्यांची सून येऊन बसल्यात. लाइट गेलेली आहे. आई पहिल्यापासून सगळा पिच्चर सांगतेय, हातवारे करून, आणि बापाला बाहेर काढतो त्या ठिकाणी आली तेव्हा तिघी मिळून त्या पोराला अशा काही शिव्या घालत होत्या की समोरच्या घरातला म्हातारा उठून विचारायला आला, काय झालं बापा.