सुधाकराला नायक म्हणायचं का?

रविवार, रात्री उशिरा

राम गणेश गडकऱ्यांचं नाटक 'एकच प्याला' पुन्हा वाचलं, या खेपेला पदं गाळून. पदं तशीही गडकऱ्यांची नाहीत, ती विठ्ठल सीताराम गुर्जरांची. आणि गाजलेली पदं सुधाकराच्या बायकोची, सिंधूची, म्हणजे तिची भूमिका करणाऱ्या बालगंधर्वांची. त्यामुळे १९१९ पासून हे नाटक सिंधूचंच होऊन बसलंय. पदं बाजूला ठेवली की सुधाकर समोर येतो, आणि त्याच्याकडे बघणं सोपं नाही.

त्याचा दोष दारू, असं सगळे म्हणतात. मला नाही पटत. दारूच्या आधीपासून त्याला अपमान सोसत नाही. हुशार वकील, स्वतःच्या बळावर वर आलेला. कोर्टात बिनसतं, सनद काही काळ जाते, आणि हे एवढंही त्याला पचवता येत नाही. दारुडा तळीराम पेला पुढे करतो तो नेमका त्या क्षणी. (नाटकातल्या दारुड्यांच्या टोळक्याच्या, आर्यमदिरामंडळाच्या विनोदांना मी अजूनही हसतो, आणि दर वेळी त्या हसण्याची थोडी लाज वाटते. गडकऱ्यांना तेच हवं असणार.) पुढे माहेरचा पैसा घ्यायचा नाही म्हणून सिंधूला शपथेत बांधतो, तोही हाच ताठा. अभिमान त्याचा, दळण दळायचं तिने.

मग नायक कुठे दिसतो? मला एकाच ठिकाणी दिसला. दारू सोडायची असं ठरवून तो काम मागायला बाहेर पडतो. ज्याला कुणाचा शब्द सोसत नव्हता तो लोकांच्या दारात उभा राहतो. नकार मिळतात, टोमणे मिळतात, आणि तो परत पेल्याकडे वळतो. हरतो, पण निदान तेवढा वेळ तो स्वतःच्या स्वभावाशी लढतो. मित्राला, रामलालला तो दारुड्याच्या अवस्था एकामागून एक उलगडून सांगतो, ते तर वकिलाने स्वतःविरुद्ध चालवलेला खटलाच आहे. इतकं लख्ख कळणारा माणूस सुटत नाही, म्हणून तो मला तळीरामापेक्षा जास्त गुन्हेगार वाटतो आणि जास्त जवळचाही.

शेवटचं विष मात्र मी त्याच्या खात्यात जमा करणार नाही. त्याच्या हातून मूल गेलं, सिंधू मरणाच्या दारात पडली, आणि तीही फौजदारासमोर त्याच्यावर आळ येऊ देत नाही. त्यानंतर पेल्यात विष घालून पिणं म्हणजे पुन्हा तेच: न सोसणारी गोष्ट पेल्यात बुडवायची. प्रेक्षक हळहळतात, पडदा पडतो. शुद्धीत राहून, तुरुंगात किंवा बाहेर, उरलेली वर्षं काढणारा सुधाकर मला बघायला आवडला असता. तसं नाटक कुणी तिकीट काढून पाहिलं असतं का, ही गोष्ट वेगळी.

सिंधूलाही मी नायिका म्हणायला कचरतो. तिचं ते खोटं बोलणं पूर्वी थोर वाटायचं. आज वाचताना तिचा भाऊ पद्माकर बरोबर वाटला. त्याला निदान राग तरी येतो.

गडकरी २३ जानेवारी १९१९ ला सावनेरला वारले, पहिला प्रयोग त्यानंतर महिन्याभरात झाला. त्या प्रयोगातला गणपतराव बोडसांचा सुधाकर त्यांना बघायला मिळाला नाही. बोडसांनी काम मागणारा सुधाकर कसा उभा केला असेल? मला विषाच्या प्रवेशापेक्षा तोच बघायचा होता.